ग्राउंडच्या दिवशीच आली तं?

आमच्याकडच्या मुली फोनवर पाळीबद्दल बोलत नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमचा व्हॉट्सॲप ग्रुप पाहावा. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या आम्ही मुली पहाटे डांबरी रस्त्यावर धावतो. निघायच्या आधी ग्रुपवर कधी एखादीचा नुसता लाल थेंब येतो. खाली कोणी काही लिहीत नाही. आज तिच्या दारात जाऊन हाक मारायची नाही, सरांनी विचारलं तर पाय मुरगळला म्हणून सांगायचं, हे सगळ्यांना कळतं. हा थेंब फोनच्या कीबोर्डात २०१९ साली आला. इंग्लंडमध्ये मुलींच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं पाळीसाठी इमोजी हवा म्हणून मोहीम केली होती. आधी डाग पडलेल्या चड्डीचं चित्र सुचवलं गेलं, ते नामंजूर झालं, मग थेंब मंजूर झाला. तिकडच्या मुलींनी मागून घेतलेली ती खूण वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात पहाटे पाचला कामाला येते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण थेंब पाठवता येतो तसा प्रश्न विचारता येत नव्हता. तो विचारता यावा म्हणून आम्ही काय काय केलं ते लिहिते आहे, कारण दुसऱ्या गावच्या मुली ‘तुम्ही कसं केलं’ असं विचारतात. आमचं गाव वर्ध्याहून आर्वीकडं जाताना आंजीच्या पुढं आत आहे. त्याचं नाव आणि आमच्या इन्स्टाग्रामच्या पानाचं नाव सांगत नाही. ज्यांनी विश्वासानं लिहिलं त्या ओळखू येतील.

जिओ आलं २०१६ ला, तेव्हा मी शाळेत होते. मग टिकटॉक आलं आणि आमच्या मुली पऱ्हाटीत उभ्या राहून उघड्या चेहऱ्यानं नाचल्या. २९ जून २०२० ला त्यावर बंदी आली आणि सगळ्या इन्स्टाग्रामच्या रील्सकडं गेल्या. तिथं पाळीबद्दल भरपूर आहे. शहरातल्या मुली उघड बोलतात, गरम पाण्याची पिशवी, चॉकलेट, चिडचिड, ऑफिसातली सुट्टी यांबद्दल. त्या आधी बोलल्या म्हणून आमची वाट सोपी झाली हे मी मानते. २०१५ च्या मार्चमध्ये रूपी कौर या कॅनडातल्या कवयित्रीनं पाळीचा डाग दिसणारा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला तर तो दोनदा काढला गेला आणि ओरड झाल्यावर परत ठेवला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात शबरीमलाच्या निमित्तानं आपल्या देशातल्या मुलींनी फेसबुकवर ‘हॅपी टू ब्लीड’ असे फलक हातात धरून फोटो टाकले. २०१८ च्या जुलैत पॅडवरचा १२ टक्के जीएसटी गेला, त्याआधीही मुली फोनवरूनच भांडत होत्या.

तरी त्या रीलमधली मुलगी आणि माझी मैत्रीण यांच्यात न्हाणीचा फरक आहे. आमच्याकडं अजून कितीतरी घरांत न्हाणी म्हणजे तीन बाजूंनी तुराट्यांचा कूड आणि चौथ्या बाजूला जुनी साडी. २८ मे हा मासिक पाळी स्वच्छता दिन, २०१४ पासून जगभर पाळतात, आणि त्या दिवशी स्वच्छतेच्या पोस्टींचा पूर येतो. विदर्भात तेव्हा पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो आणि नळाला पाणी आलं की आधी पिण्याच्या पाण्याचे हंडे भरायचे असतात. ‘भरपूर पाण्यानं धुवा’ हे त्या दिवशी वाचताना आमच्या मुली काही म्हणत नाहीत, पुढची रील लावतात.

दुसऱ्या रील भीती घालणाऱ्या. पाळीत केस धुतले की असं होतं, लोणच्याला हात लावला की तसं. तिसऱ्या विकणाऱ्या, ‘पीसीओडी मुळापासून बरा’ म्हणून पावडरीचे डबे खपवतात. पीसीओडी म्हणजे पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा विकार. या तिन्ही प्रकारच्या रील आमच्या ग्रुपवर येऊन पडत, एकही शब्द न लिहिता. ज्या मुलीला विचारायचं असतं ती रील पाठवते, हे मला उशिरा उमगलं.

विचारायचं कसं, तर फोन बहुतेक वेळा मुलीचा नसतो. रिचार्ज बाबांचा, पॅटर्न भावाला पाठ, आणि दुपारी शेजारची काकू गाणी लावायला घेऊन जाते. तरी मुली त्यातून मार्ग काढतात. स्टेटस कोणाकोणाला दिसू नये त्याची यादी करतात, मामा, काका, मावसभाऊ एकेक करून वगळतात. इन्स्टाग्रामवर फुलाचा डीपी आणि भलतंच नाव लावून दुसरं खातं उघडतात आणि त्यात ‘क्लोज फ्रेंड्स’च्या हिरव्या वर्तुळाच्या आत मोजक्याच मैत्रिणी ठेवतात. कुणाला दिसावं आणि कुणाला दिसू नये याची इतकी बारीक राखण करणाऱ्या मुलींना ‘लाजाळू’ म्हणणं मला पटत नाही. त्यांना बोलायचं असतं. बोलण्याखाली नाव दिसू नये एवढंच हवं असतं.

सुरुवात भरतीमुळं झाली. भरतीत मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असं ५० गुणांचं मैदानी असतं, आम्ही त्याला ग्राउंड म्हणतो. तारीख हॉल तिकिटावर छापून येते, आपण निवडू शकत नाही. शेजारच्या गावच्या एका मुलीनं ग्रुपवर रील टाकली, ‘पाळीत धावल्यास गर्भाशय खाली सरकतं’, आणि पहिल्यांदाच कोणीतरी खाली एक ओळ लिहिली: “हे खरं हाय का वं? मायी तारीख अन् ग्राउंड एकाच दिवशी येऊन राहिलं.” संध्याकाळपर्यंत कोणी उत्तर दिलं नाही. सगळ्यांनी वाचलं होतं, तिला निळ्या खुणा दिसत असणार.

मी उपकेंद्रात सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, मॅडमकडं गेले. त्यांनी टेबलावर हातानं आकृती काढून दाखवली. गर्भाशय ओटीपोटात बंधांनी आणि खालच्या स्नायूंनी धरलेलं असतं, पाळीत धावल्यानं ते सरकत नाही. पोटात कळ येते ती गर्भाशयाचे स्नायू आकसल्यामुळं, आणि ते आकसतात प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यामुळं. हलक्या व्यायामानं अनेकींची कळ उलट कमी होते. मी म्हटलं, मॅडम, तुमचा व्हिडिओ घेऊ? त्या म्हणाल्या, सरकारी नोकरी आहे, चेहरा नको, तू तुझ्या भाषेत सांग आणि टाकायच्या आधी मला ऐकव. मी आमच्या बोलीत बोलून ऑडिओ केला, त्यांनी ऐकला, एक वाक्य बदलायला लावलं, आणि मी तो ग्रुपवर टाकला.

तो ऑडिओ पुलगावला गेला, हिंगणघाटला गेला, वर्ध्याच्या होस्टेलमध्ये गेला. मग अनोळखी नंबरांवरून मला निरोप यायला लागले. त्यातले बरेचसे वाचायच्या आधीच ‘डिलीट’ झालेले असत. मुलगी लिहायची, पाठवायची आणि घाबरून काढून टाकायची. त्या काढून टाकलेल्या निरोपांमुळं मला झोप लागेना. काय विचारायचं असेल तिला?

माझी एक मैत्रीण वर्ध्याला नर्सिंग शिकते, तिच्यासोबत बसून मी पुढचं ठरवलं. इन्स्टाग्रामच्या स्टोरीत प्रश्नाची चौकट ठेवता येते, पण जिचं खातं तिला विचारणारीचं नाव दिसतं. म्हणून ती सोय आम्ही घेतलीच नाही. गुगल फॉर्म केला. ज्यांना असं काही करायचं आहे त्यांच्यासाठी हे नीट सांगते. फॉर्मच्या सेटिंगमध्ये ईमेल गोळा करणं बंद ठेवायचं. ‘एकीनं एकदाच उत्तर द्यावं’ ही अटही बंद ठेवायची, नाहीतर फॉर्म आधी लॉगिन मागतो आणि मुलगी तिथूनच परत फिरते. नाव, गाव, शाळा यांचे रकाने ठेवायचेच नाहीत. फक्त वय, तेही ऐच्छिक, आणि प्रश्नासाठी मोठी चौकट. एवढं करूनही उत्तरांच्या तक्त्यात वेळ नोंदली जाते, आणि लहान गावात वेळेवरून माणूस कळतो. म्हणून तक्ता फक्त वर्ध्याची मैत्रीण उघडते, ती आमच्या मुलींना ओळखत नाही. ती प्रश्न उलटसुलट करून मला पाठवते, आणि उत्तर लगेच त्या दिवशी टाकायचं नाही असा आमचा नियम आहे.

लिंक ग्रुपवर टाकली तर ती बाबांच्या फोनवरही दिसणार. त्यामुळं क्यूआर कोड छापला, तोही गावच्या झेरॉक्सवाल्याकडं नाही, वर्ध्याला. एक अभ्यासिकेतल्या मुलींच्या संडासाच्या दाराला आतून लावला. दुसरा आशाताईंच्या घरी, पॅडच्या खोक्यावर. तिसरा शिलाई क्लासमध्ये. या तिसऱ्या जागेचा सगळ्यात जास्त उपयोग झाला, कारण शाळा सोडलेल्या आणि नव्यानं लग्न होऊन आलेल्या मुली तिथं येतात. ज्यांच्याकडं फोन नाही त्या क्लासमधल्या कोणाचाही फोन घेतात, गुप्त (इनकॉग्निटो) खिडकीत फॉर्म उघडतात, लिहितात, बंद करून परत देतात. काय लिहिलं ते फोनवालीनं विचारायचं नाही, हे त्यांनी आपसातच ठरवून टाकलं.

मग प्रश्न आले. ते वाचताना मला कळलं की माझ्याच गावातलं मला किती कमी माहीत होतं.

“कपाशी वेचाले जातो. दिवसभर बदलाले जागा नाही. संध्याकाळी मांड्या सोलल्या जाते. काय करू?”

“मले दर दीड महिन्यानं येते. रीलवाली म्हणते पीसीओडी हाय. मले मूल होईन का नाही?”

“पाळीत वापराचा कप चांगला म्हणतात, पण तो उकळाचा कोणत्या गंजात? पाळीत आजी चुलीजवळ येऊ देत नाही.”

“मी एसएस हाओ. पाळी आली का सांधे ठणकते. दोन्हीचा काही संबंध हाय का?”

या शेवटच्या प्रश्नाजवळ मी बराच वेळ थांबले. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण मोठं आहे, घराघरांत लोक ‘ती एएस आहे (म्हणजे वाहक), तो एसएस आहे (म्हणजे आजार असलेला)’ असं बोलतात, लग्न जुळवताना विचारतात. पण सिकलसेल असलेल्या मुलीला पाळीत काय होतं, यावर मी एकही मराठी रील पाहिली नव्हती. सीएचओ मॅडमनी तो प्रश्न प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडमना विचारला. पाळीच्या सुमारास दुखण्याचे झटके वाढतात असं अनेक एसएस मुली सांगतात, त्याची दखल घ्यायला हवी, झटका नेहमीच्या पाळीच्या कळीसारखा समजून घरी सहन करत बसू नये, पाणी भरपूर प्यावं, आणि ताप किंवा छातीत दुखणं असेल तर थेट दवाखाना. आम्ही ते टाकल्यावर फॉर्मात एसएस मुलींचे प्रश्न एकामागून एक येत राहिले. ज्यांची तपासणीच झाली नव्हती अशा काहीजणी आशाताईंसोबत आरोग्य केंद्रात जाऊन सिकलसेलची सोल्युबिलिटी टेस्ट करून आल्या.

वेचणीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मॅडमकडं नव्हतं. ते वेचणीला जाणाऱ्यांकडंच होतं. म्हणून तो प्रश्न आम्ही तसाच, नाव-गाव नसलेला, स्टोरीत ठेवला आणि विचारलं, तुम्ही काय करता? समुद्रपूरकडून, घाटंजीकडून, दर्यापूरकडून मुलींनी लिहिलं. एकीनं लिहिलं, आम्ही दोघी मिळून जातो, एक साडी धरते, दुसरी बदलते, मग आलटून. एकीनं लिहिलं, दुपारची भाकर खायला बसतो तेव्हाच बदलायचं, तहान लागली तरी संडासाला जावं लागू नये म्हणून पाणी टाळायचं नाही. मांड्यांना खोबरेल लावून जायचं. पॅडपेक्षा सुती कपडा घासत नाही असं बऱ्याच जणींचं म्हणणं, मग शिलाई क्लासच्या मुलींनी जुन्या सुती साड्यांचे घडीचे पॅड शिवले, बटणाचे, आणि वापरलेला घेऊन यायला पिशवी. साबणानं धुवायचे आणि कडक उन्हात वाळवायचे, साडीखाली लपवून दमट ठेवायचे नाहीत, हे मॅडमनी त्याला जोडलं. हे सगळं एका ऑडिओत गेलं. त्यानंतर दोन-तीन शेतकरणींनी आपल्या वावरात धुऱ्यावर चार बल्ल्या रोवून जुन्या साडीचा आडोसा केला. त्यांनी ऑडिओ ऐकला होता की नाही, मी विचारलं नाही. वेचणारणी दुसरीकडं जाऊ नयेत हेही कारण असेल. आडोसा झाला.

आमच्या आशाताई सांगतात की हे बोलणं इथं फोनाच्या आधीपासून आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेनं आंजी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या २३ गावांत किशोरींसोबत काम केलं होतं, त्याचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पाळी येण्याआधीच तिच्याबद्दल माहिती असलेल्या मुली ३५ टक्क्यांवरून ५५ वर गेल्या होत्या, आणि विकतचं पॅड वापरणाऱ्या ५ वरून २५ वर. त्या मुली आज आया आहेत. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात १५ ते २४ वयाच्या ७२ टक्के मुली पाळीसाठी स्वच्छ साधनं वापरताना दिसल्या. आशाताईंकडं सहा पॅडचं पाकीट सहा रुपयांना असतं, जनऔषधी केंद्रात एक पॅड एक रुपयाला मिळतं. पॅड गावात पोचलं. ते बदलायचा आडोसा पोचला नाही, आणि फॉर्ममधले निम्मेअधिक प्रश्न त्या आडोशाचे होते.

कप आम्ही सुचवला नाही. तो वाईट म्हणून नव्हे. चांगल्या प्रतीचा सिलिकॉनचा कप वर्षानुवर्षं टिकतो, बारा तासांपर्यंत राहतो, वेचणीला जाणाऱ्या मुलीला त्यासारखी सोय नाही. पण तो घालायला-काढायला बंद दार आणि उकळायला स्वतःचा गंज, म्हणजे पातेलं, लागतो. ज्यांच्याकडं दोन्ही आहे त्यांनी वापरावा असं सांगितलं.

गोळ्यांचा प्रश्न वेगळाच तापदायक. नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी भारतीय औषधसंहिता आयोगानं मेफेनॅमिक ॲसिडबद्दल एक सूचना काढली होती. पाळीच्या कळीवर घरोघरी घेतली जाणारी गोळी ती हीच. क्वचित कोणाला तिच्यामुळं अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणं अशी गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते, डॉक्टरांनी आणि रुग्णांनी लक्ष ठेवावं, एवढंच त्यात होतं. फोनवर तिचं झालं ‘ही गोळी खाल्ली तर मरण’. मुलींनी गोळी सोडली आणि कळ सोसत बसल्या. डॉक्टर मॅडमनी आमच्यासाठी साधं सांगितलं: गोळी उपाशीपोटी नको, पोटात अल्सर, किडनीचा त्रास किंवा दमा असेल तर आधी विचारा, पुरळ आलं तर थांबवा आणि दाखवा. आणि दर महिन्याला कळीमुळं अंथरुणाला खिळत असाल तर गोळीवर भागवू नका, तपासून घ्या. दीड महिन्यानं पाळी येणाऱ्या मुलीलाही त्यांनी धीर दिला. पाळी सुरू झाल्याच्या पहिल्या काही वर्षांत पंचेचाळीस दिवसांपर्यंतचं अंतर असू शकतं, रील पाहून कोणाला पीसीओडी ठरवता येत नाही, त्याला तपासणी लागते, आणि असला तरी मूल होणारच नाही असं काही नसतं.

ग्रुपमधल्या मुलींचं हिमोग्लोबिन तपासणं सीएचओ मॅडमनी स्वतःहून सुचवलं. ८०० मीटरला दम लागतो म्हणून ज्या स्वतःला आळशी समजत होत्या, त्यातल्या बऱ्याच जणींचं १२ च्या खाली निघालं, एकीचं तर आठच्या आसपास. तिचं रक्त सात दिवसांच्या पुढं जायचं, गाठी पडायच्या, आणि तिला ते सगळ्यांचं असंच असतं असं वाटत होतं. कोणी कोणाला सांगतच नाही तर ‘सगळ्यांचं’ कसं असतं हे कळणार कुठून? लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, चहासोबत घ्यायच्या नाहीत हे मॅडमनी बजावलं. तिची वेळ सुधारली. पण तिला पहिला दिलासा वेळेनं नाही, आजाराला नाव आणि उपाय आहे हे कळल्यानं मिळाला, असं ती म्हणते.

गावात कळायचं ते कळलंच. कोणीतरी माझा आवाज ओळखला, पोरांच्या एका ग्रुपवर तो हसण्याच्या इमोजींसह फिरला, आणि चौकात बाबांना ऐकावं लागलं. बाबा घरी येऊन म्हणाले, बंद कर. आई म्हणाली, बंद कायले करन? दोन दिवस घरात कोणी धड बोललं नाही. मार्ग आशाताईंनी काढला. त्या म्हणाल्या, हे सांगायचं काम सरकारनंच मले देलं हाय, मी बोलते. तेव्हापासून आवाज त्यांचा. लिहिते मी, तपासतात मॅडम, बोलतात ताई. त्यांच्या बोलण्यावर हसायची कोणाची छाती होत नाही, कारण हसणाऱ्यांच्या घरची बाळंतपणं त्यांनीच दवाखान्यात नेलेली आहेत. मला यात कमीपणा वाटत नाही. प्रश्न बिननावाचा असावा, आणि उत्तर ज्याला गाव ओळखतं अशा आवाजात यावं, हे आम्हाला इथंच सुचलं.

फॉर्मात मुलगा की मुलगी हा रकाना नव्हता, त्यामुळं मुलांचेही प्रश्न आले. थोडे घाणेरडे होते, ते मैत्रिणीनं तिथंच काढले. बाकीचे चांगले होते. “बहीण दुखते म्हणून रडते, मेडिकलमधून गोळी आणून देऊ का, का तिले वाईट वाटन?” आणि एकानं लिहिलं: “ग्राउंडवर प्रॅक्टिसले बाजूची मुलगी अचानक थांबली. पॅन्टले डाग दिसला. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं. काय करायले पाहिजे होतं?” याचं उत्तर आम्ही धावणाऱ्या मुलींकडून मागवलं. बहुतेकींचं एकच: जॅकेट दे आणि धावत राहा, मागं वळून पाहू नको, दुसऱ्याले सांगू नको. त्यानंतर ग्राउंडवर मुलांच्या कमरेला बांधलेली जॅकेटं मी जास्त बारकाईनं पाहते.

आणि ग्राउंडच्या दिवशीच आली तर? त्या मुलीला आम्ही जे पाठवलं ते असं: आधीच्या महिन्यांत पाळीत मुद्दाम धावून पाहा, त्या दिवशी जे पॅड आणि जी पॅन्ट घालणार तीच घालून. जास्तीचं पॅड आणि गडद पॅन्ट सोबत ठेव. काहीतरी खाऊन जा. पाळी लांबवायची गोळी स्वतःच्या मनानं घेऊ नको. ती गेली आणि धावली.

लांबवायच्या गोळीवर मात्र आम्हाला वेगळा ऑडिओ करावा लागला, तो भाद्रपदात. आमच्याकडं महालक्ष्म्या बसतात, सोळा भाज्या, आंबील, पुरण, तीन दिवस सोवळ्याचा स्वयंपाक, आणि तो सुनेच्या अंगावर असतो. पाळी त्याच दिवसांत येणार असेल तर मेडिकलमधून नॉरइथिस्टेरॉनची पट्टी येते, विचारपूस न करता. डॉक्टर मॅडमनी सांगितलं की अनेकींना ती चालते, पण पायात वा फुप्फुसात रक्ताची गाठ झालेली असेल, यकृताचा आजार असेल, किंवा अंगावरून रक्त जाण्याचं कारणच कळलेलं नसेल तर ती घ्यायची नाही, आणि हे मेडिकलवाला विचारत नाही. देवीपुढं कोणी बसावं यावर आम्ही काही म्हटलं नाही. तो वाद मला महत्त्वाचा वाटतो, पण गोळी हातात घेऊन उभ्या असलेल्या बाईला त्या क्षणी तब्येतीचं उत्तर हवं असतं.

त्या ऑडिओनंतर फॉर्ममधल्या वयाच्या रकान्यात ३४, ३९, ४३ असे आकडे दिसायला लागले. मुलींच्या फोनवरून आया लिहीत होत्या, किंवा मुली आयांसाठी. त्यातला एक प्रश्न: “अंगावरून जास्त जाते म्हणून डॉक्टर म्हणते पिशवी काढून टाक, पुढं कटकट नाही. वय ३४. काढू का?” हे आम्ही ठरवायचं नव्हतं. डॉक्टर मॅडमच्या सांगण्यावरून एवढंच लिहिलं: काढायच्या आधी सोनोग्राफी, हिमोग्लोबिन आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या, गोळ्यांनी थांबतं का ते विचारा, आणि सगळे कागद घेऊन सेवाग्रामला जा. पिशवीसोबत अंडाशयंही काढणार आहेत का, हे तोंडावर विचारा. ती बाई कोण, आम्हाला आजही माहीत नाही. काही आठवड्यांनी त्याच वयाच्या आकड्यासोबत फॉर्ममध्ये आलं, गाठ नाही निघाली, गोळ्या सुरू केल्या, आता पुढच्या महिन्यात परत बोलावलं हाय, तवा काय काय विचारू ते लिहून द्या.

ती यादी सध्या मॅडमकडं तपासायला आहे. लिहिता न येणाऱ्या बायकांसाठी फॉर्मऐवजी आवाजात प्रश्न कसा घ्यायचा, हे मात्र अजून सुटलेलं नाही. आवाज लगेच ओळखू येतो. आशाताई म्हणतात, त्या मले सांगतीन, मी लिहीन. शिलाई क्लासच्या मुली म्हणतात, आम्ही लिहू, आमच्यासमोर त्या जास्त मोकळ्या बोलतात. पुढच्या शनिवारी बसून ठरवणार आहोत.